बाबेलची पहिली कथा

रशियन लेखक इसाक बाबेल यांच्या ‘रेड कॅव्हलरी’ या १९२६ च्या संग्रहातील पहिली कथा आज पुन्हा सावकाश वाचली. १९२० च्या पोलंड-सोव्हिएत युद्धातील ही कथा जेमतेम दोन-तीन पानांची आहे. आरंभी सूर्य छाटलेल्या मुंडक्यासारखा आकाशात घरंगळतो. हे निव्वळ वर्णन वाटते, पण पुढे निवेदक मुक्कामाच्या ज्यू घरात ज्या म्हाताऱ्याशेजारी रात्रभर झोपला, तो गळा फाडलेला मृतदेह असल्याचे कळते आणि त्या उपमेचा खरा अर्थ उलगडतो. त्या घरातल्या अस्वच्छतेवर आधी तोंडसुख घेणारा निवेदक, आपल्या या मृत पित्यासारखा पिता जगात कुठे सापडेल असे विचारणाऱ्या गरोदर मुलीला काहीच उत्तर देत नाही. तो स्वतःही ज्यू आहे, हे बाबेल इथे सांगतच नाहीत. मला हा निर्णय विलक्षण धाडसी वाटतो.