पाळी नियमित आहे

मेडिसिन वॉर्डातून फोन आला तेव्हा माझी ओपीडी संपत आली होती. बेचाळीस वर्षांच्या बाई, जिना चढताना धाप, छातीत धडधड. ईसीजी, इको ठीक. हिमोग्लोबिन ५.८, खरं तर १२ च्या वर हवं. केसपेपरवर माझ्या विषयाची एकच ओळ होती : 'पाळी नियमित'.

त्यांनी मलाही तेच सांगितलं. अठ्ठावीस दिवसांनी, अगदी ठरल्यासारखी.

"पॅड किती वेळाने बदलता?"

"पहिले तीन दिवस तासा-दीड तासाने. रात्री अलार्म लावून उठते."

"दिवस किती?"

"नऊ. कधी दहा. गुठळ्याही पडतात."

बाई शिक्षिका. त्या दिवसांत गडद कपडे घालायचे, खुर्चीवर बसायचं नाही, सगळे तास उभ्याने घ्यायचे. अशी चार वर्षं काढलेली. "आईलाही असंच जायचं. मला वाटलं, आमच्या घरात असतंच."

सकाळी ओपीडीत एक जण रडतच आली होती. गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला सात सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ, त्रास मात्र काहीच नाही. तिला धीर देऊन, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू म्हणून घरी पाठवलं होतं. या बाईंची गाठ जेमतेम दोन सेंटिमीटरची निघाली. पण ती आतल्या पोकळीत, अस्तराखाली वाढलेली. पाळीत जे अस्तर गळतं, नेमकं तिथेच. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे, यावर रक्तस्राव ठरतो. फायब्रॉइड स्नायूंची साधी गाठ असते, पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांच्या गर्भाशयात एखादी तरी सापडते. तिच्या जागी कॅन्सर निघणं फार विरळ.

"पिशवी काढावी लागेल ना?" त्यांनी विचारलं. सगळ्या हेच विचारतात, कारण कुणीतरी त्यांना आधीच तसं सांगितलेलं असतं. शेवटचा उपाय पहिला म्हणून सांगितला जातो, याचा मला खरंच राग येतो.

त्यांना आधी दोन बाटल्या रक्त दिलं. मग लोहाची इंजेक्शनं, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या. हिमोग्लोबिन सुधारल्यावर योनीमार्गाने दुर्बीण घालून गाठ काढली. पोटावर एकही टाका नाही. तपासणीत गाठ साधीच निघाली.

त्या दिवसापासून मी केसपेपरवर 'नियमित' लिहून थांबत नाही. किती दिवस, किती पॅड, गुठळ्या, रात्री उठावं लागतं का, मधेच डाग पडतो का, दुखतं किती, सगळं विचारते. दुखणं फार असेल आणि गर्भाशय सगळीकडून जाड झालेलं असेल तर ॲडिनोमायोसिस, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरणं, डोक्यात ठेवावा लागतो. दोन पाळ्यांच्या मधल्या डागामागे कधी पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, असतो. आणि पाळी कायमची गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी तपासायलाच हवं.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला, आवाजात काळजी.

"मॅडम, पाळी चार दिवसांत थांबली. काही बिघडलं नाही ना?"