एक आड एक डीई

१९९३ चा मे महिना. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या सर्व्हिस फर्ममध्ये होतो, तिघंच जण आम्ही, मॉनिटर, फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटरचं हेड जे येईल ते दुरुस्त करायचो. एक दिवस सोलापूरहून फोन आला, चादरीचा कारखाना होता. मालक म्हणाले, "नवीन कॉम्प्युटर घेतलाय ओ साहेब, पण आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्याच्यावर येड्यासारखं करायलंय. जुना कलर मॉनिटर गेला म्हणून घेतला हा. इथल्या पोरांनी हात टेकले."

रात्रीची एसटी धरली, सकाळी पोचलो. मे मधलं सोलापूर, नऊ वाजताच पत्रे तापलेले आणि बाजूच्या शेडमध्ये माग चालू, खडखडाट इतका की ऑफिसात बसूनही ओरडून बोलायला लागायचं. टेबलावर नवा कोरा ३८६ कॉम्प्युटर, नव्या व्हीजीए जातीचं डिस्प्ले कार्ड आणि त्याचा कलर मॉनिटर. खाली कोपऱ्यात जुनी टर्बो एक्सटी, म्हणजे आधीच्या पिढीचा पीसी, ठेवलेली आणि तिच्यावर तिचा सीजीए मॉनिटर (सीजीए म्हणजे व्हीजीएच्या आधीचं आयबीएमचं कलर कार्ड), त्याचा एलओटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळालेला. सीजीएचा मॉनिटर तेव्हा बाजारात मिळायचा बंद झाला होता, आणि नवा व्हीजीए मॉनिटर जुन्या कार्डाला लावता येत नाही, एकाला ९ पिनांचा डिजिटल सिग्नल लागतो, दुसऱ्याला १५ पिनांचा ॲनालॉग. म्हणजे मालकांनी मशीन बदललं ते बरोबरच होतं.

सॉफ्टवेअर म्हणजे एकच कॉम फाइल, डॉसवर थेट चालणारी, ११ केबीची. १९८७ मध्ये गल्लीतल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोरानं लिहून दिलेली, तो नंतर परदेशी गेला, पत्ता नाही, सोर्स कोड नाही. आणि फ्लॉप्यांचे दोन डबे, सव्वापाच इंची, ३६० केबीवाल्या. एका फ्लॉपीत २२ डिझाइनं, प्रत्येकीवर मास्तरांच्या हातची लेबलं, मोर, वेल, कोयरी, नंबर. मास्तर म्हणजे जॅकार्डचं, मागावर विणून काढायच्या नक्षीचं, डिझाइन करणारे, साठीचे, घरात तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आधी सगळं ग्राफ पेपरवर रंगवायचे, एकेक घर, मग सहा वर्षं या प्रोग्रॅमवर. ते माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि दिवसभर उठले नाहीत.

प्रोग्रॅम चालू करायच्या आधी मी एक हात पॉवरच्या बटणावर ठेवला. त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मी एक मोनोक्रोम मॉनिटर घालवला होता. हर्क्युलिस डिस्प्ले कार्डाच्या ६८४५ चिपमध्ये, जी स्क्रीनवरच्या रेघा आणि ओळी मोजते तिच्यात, चुकीचे आकडे लिहिले, शिट्टीसारखा बारीक आवाज आला आणि वास. त्या जातीच्या काही मॉनिटरना स्वतःचा ऑसिलेटरच नव्हता, कार्ड जो सिंक, म्हणजे रेघ सुरू करायचा इशारा, देईल त्याच्यावरच त्यांचं डिफ्लेक्शन, किरण फिरवणं, चालायचं, कार्ड चुकलं की मॉनिटर मेला. तेव्हापासून अनोळखी प्रोग्रॅम कार्डाशी खेळतोय असा संशय जरी आला तरी हात बटणावर.

एंटर दाबलं. आवाज नाही, वास नाही. मोराचं डिझाइन उघडलं तर सगळा मोर स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात, वरून कोणीतरी दाबल्यासारखा बुटका. खालचा अर्धा काळा ठार. आणि मोराच्या अंगावर ठिकठिकाणी घरं उघडमीट करतायत, लाल पिवळी लाल पिवळी. अण्णा म्हणाले, "बघा की ओ, डोळं दुखतंय."

माझा पहिला अंदाज होता की हा सीजीएचा नेहमीचा ३२० बाय २०० वाला ग्राफिक्स मोड असेल. पण तो मोड व्हीजीए जसाच्या तसा दाखवतं, मग बिघडायचं कारण काय? शिवाय त्यात एका वेळी चारच रंग मिळतात, आणि त्यातले तीन आपल्या मर्जीचे नाहीत, मागचा एक, बहुतेक काळाच, आणि त्याच्याबरोबर एकतर आकाशी-जांभळट-पांढरा नाहीतर हिरवा-लाल-तपकिरी. इथे तर मी डोळ्यांनी दहाबारा रंग मोजत होतो. अण्णांना विचारलं, जुन्या मशीनवर किती रंग यायचे? "सोळा. मोजूनशान सोळा." सीजीएवर सोळा रंग, ग्राफिक्समध्ये? मला ते पटेना.

मग एक डिझाइन फाइल डीबगमध्ये, म्हणजे बाइट बघायच्या-बदलायच्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. साइज बरोबर १६,००० बाइट. डंप दिला आणि बघतच राहिलो. डीई, ४ई, डीई, २सी, डीई, ४४, डीई... एक आड एक डीई, पानंच्या पानं. चित्रात असा आकडा सारखा सारखा येणं शक्य नाही, हा चित्राचा डेटाच नव्हता. हे आकडे हेक्समध्ये असतात, सोळाच्या पायावर, नवानंतर ए ते एफ; त्यात डीई म्हणजे आपला २२२, आणि आयबीएमच्या अक्षरसंचात २२२ नंबरचं अक्षर म्हणजे उजवी अर्धी बाजू भरलेला ठोकळा.

म्हणजे स्क्रीनवर मोर नव्हताच, मजकूर होता! प्रत्येक जागी तेच एक अक्षर, अर्धा ठोकळा, आणि पुढचा बाइट त्याचा रंग. टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षराला दोन रंग असतात, अक्षराचा आणि मागचा, दोन्ही सोळातले. ४ई म्हणजे मागचा ४, लाल, आणि अक्षराचा ई, पिवळा. डावं घर लाल, उजवं घर पिवळं. एका अक्षरात दोन घरं, ८० अक्षरांच्या ओळीत १६० घरं.

आडवं झालं, उभं कसं? सीजीएवर २५ ओळी, प्रत्येक अक्षर ८ रेघांचं, २५ अठ्ठे २०० रेघा. हे सगळं ६८४५ नुसतं मोजत असतं, तिच्या ९ नंबरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, अक्षराची उंची असते. तिथे ७ च्या ऐवजी १ लिहिलं की अक्षर दोनच रेघांचं होतं (मोजणी शून्यापासून), अक्षराचा वरचा टवका तेवढा दिसतो, आणि ठोकळ्याचा टवका ठोकळ्यासारखाच दिसतो. मग २०० रेघांत १०० ओळी बसतात. १६० बाय १००, सोळा रंग, मेमरी १६,००० बाइट आणि कार्डावर होतीच १६ केबी. नेमकी बसते. आयबीएमच्या टेक्निकल रेफरन्समध्ये या लो रिझोल्यूशनचा उल्लेख आहे, पण बायोसमध्ये, मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, त्याला सपोर्ट नाही, सगळं स्वतः करून घ्यायचं. एका सोलापूरच्या पोरानं ते १९८७ मध्ये करून घेतलं होतं, का, तर अण्णांना मरून, बॉटल ग्रीन आणि पिवळा एकाच चादरीत बघायचे होते. मला त्या क्षणी त्याला भेटावंसं वाटलं, खरंच. तेव्हा आम्ही पुण्यात गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवायचो, डॉसच्या साध्या टेक्स्ट प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची, म्हणजे टेक्स्ट स्क्रीन ही किती वाकवता येते हे मी रोज बघत होतो, तरी हे मला सुचलं नसतं.

आता मोर बुटका का झाला ते कळलं. व्हीजीएवर टेक्स्टला ४०० रेघा असतात. दोन रेघांचं अक्षर म्हटल्यावर २०० ओळी झाल्या, डिझाइन १०० ओळींचं, ते वरच्या अर्ध्यात संपलं. बाकीचे आकडे, रजिस्टर ४, ६, ७, ते व्हीजीएनं घेतलेच नव्हते, कारण तिथे पहिल्या आठ रजिस्टरना कुलूप असतं. ते कुलूप नसतं तर सिंकचा सत्यानाश झाला असता, कारण त्याच नंबरांना व्हीजीएमध्ये वेगळाच अर्थ आहे.

प्रोग्रॅमची कॉपी केली, कॉपीच उघडली डीबगमध्ये, आणि शोधत गेलो. अर्ध्या तासानं तक्ता सापडला, ०४ ७एफ ०६ ६४ ०७ ७० ०९ ०१. रजिस्टरचा नंबर आणि किंमत, अशा जोड्या. शेवटच्या ०१ चं ०३ केलं. चार रेघांचं अक्षर, ४०० भागिले ४, शंभर ओळी. एक बाइट बदलला, सेव्ह केलं, चालवलं, आणि मोर उभा राहिला, पूर्ण स्क्रीनभर. अण्णा उठून दारात गेले आणि शेडच्या दिशेनं तेलुगूत काहीतरी ओरडले, दोघंतिघं माग सोडून बघायला आले.

पण उघडमीट चालूच. ती वेगळी भानगड. टेक्स्टमध्ये रंगाच्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट हा मुळात ब्लिंकसाठी असतो. तो बंद केला तरच मागच्या रंगाला सोळाच्या सोळा मिळतात, नाहीतर गडद आठच, आणि ज्या घरात उजळ रंग ठेवला त्याची जोडी उघडमीट करते. सीजीएवर हे ३डी८ पोर्टला, म्हणजे कार्डाशी बोलायच्या एका पत्त्याला, एक आकडा लिहून बंद करतात, त्या पोरानं तेच केलं होतं. व्हीजीएवर ३डी८ पोर्टच नाही. तिथे बायोसला सांगावं लागतं, इंटरप्ट १०, फंक्शन १००३.

जुना कोड ६ बाइटचा. नवा ७ बाइटचा. एक बाइट कमी पडत होता.

असेंब्लीत काम केलेल्यांना माहितीय हे किती छळतं. शेपटीला कोड जोडायचा तर प्रोग्रॅम फाइलच्या शेवटापासून पुढची मेमरी डिझाइनसाठी वापरत होता, तिथे हात लावायची हिंमत झाली नाही. जेवायची वेळ झाली, भाकरी, शेंगाचटणी, कांदा, मी कागदावर बाइट लिहीत जेवत होतो आणि लाइट गेली. माग थांबले, एकदम शांत. अण्णा जुन्या मशीनबद्दल सांगायला लागले, "जुन्यावर ओ, रंग भरताना कधी कधी बर्फ पडल्यासारखं व्हायचं. त्या पोरानं नंतर काहीतरी करून थांबवलं ते."

बर्फ! सीजीएचा प्रसिद्ध दोष आहे तो. ८० कॉलमच्या टेक्स्टमध्ये कार्ड स्क्रीन काढायला मेमरी वाचत असतं, त्याच वेळी प्रोसेसरनं मेमरीला हात लावला की कार्डाला चुकीचा बाइट मिळतो आणि स्क्रीनवर पांढरे ठिपके उडतात. नेहमीचा उपाय म्हणजे ३डीए पोर्ट वाचत बसायचं आणि कार्ड रेघेच्या शेवटी पोचलं की पटकन लिहायचं. म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठेतरी ती वाट बघणारी सबरूटीन, हवं तेव्हा बोलावायचा कोडचा तुकडा, असणार. आणि व्हीजीएवर बर्फ पडत नाही! ती सबरूटीन आता बिनकामाची, तिची जागा मोकळी!

लाइट यायला पावणेदोन तास लागले, तेवढा वेळ मी कसा काढला मला माहीत. सबरूटीन सापडली, शेवटच्या रिटर्नसकट १४ बाइट. पहिल्याच बाइटवर रिटर्न टाकला, म्हणजे कोणी बोलावलं तर लगेच परत जा, आणि त्याच्या मागे माझा कोड. ३डी८ वाल्या सहा बाइटच्या जागी तीन बाइटचा कॉल आणि तीन एनओपी, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचना. चालवलं. ब्लिंक गेलं पण मेनू वेडावाकडा आला. बीएक्स रजिस्टर मी वापरलं होतं आणि प्रोग्रॅमला ते पुढे हवं होतं. आधी पुश करून ते जपून ठेवलं, नंतर पॉप करून परत आणलं, दोन बाइट वाढले, दोन रिटर्न धरून एकूण अकरा. चौदामध्ये अकरा बसतात.

संध्याकाळी साडेपाचला मोर स्थिर उभा होता, सोळा रंगांत. मालकांनी चहा सांगितला, मी फ्लॉप्यांच्या कॉप्या करायला लावल्या. अण्णा मात्र खुश दिसेनात, स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत होते. म्हणाले, "साहेब, एक घर बारीक, एक घर जाड दिसायलंय."

मला दिसत नव्हतं. भिंग घेऊन बघितलं तेव्हा दिसलं. व्हीजीएचं टेक्स्ट अक्षर ८ ठिपक्यांचं नसून ९ ठिपक्यांचं असतं, आणि या ठोकळ्यासारख्या अक्षरांमध्ये आठवा ठिपका नवव्यात पुन्हा काढला जातो. डावं घर चार ठिपक्यांचं, उजवं पाच. त्या माणसानं एका ठिपक्याचा फरक नुसत्या डोळ्यांनी पकडला होता, आणि मी दिवसभर त्याच स्क्रीनसमोर बसलो होतो. उरलेल्या तीन बाइटमध्ये ते बसणार नव्हतं, तसं सांगितलं. ते म्हणाले डिझाइन फाइलमध्ये बरोबर आहे ना, मग चालेल, पण चेहऱ्यावरून कळत होतं की चालणार नाही.

पुण्याला आल्यावर चार रात्री त्याच्यावर बसलो, फर्मच्या वेळेबाहेर. डिझाइनची मेमरी कुठून सुरू होते तो आकडा प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी होता, तो पुढे सरकवला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत व्हीजीएचं घड्याळ २८ ऐवजी २५ मेगाहर्ट्झवर आणणारा आणि अक्षर ८ ठिपक्यांचं करणारा कोड जोडला. ६४० ठिपके, भागिले १६०, प्रत्येक घर बरोबर चारचं. फ्लॉपी पुठ्ठ्यात घालून पाठवली.

आठवड्यानं फर्मच्या फोनवर ट्रंक कॉलसारखा ओरडत आवाज आला, मागे मागांचा खडखडाट. "अण्णा बोलतोय ओ. सारखी झाली घरं. मोर सोडा, नवीन वेल घेतलीय करायला, बुट्टीसकट. पुढच्या वेळेला आला की दाखवतो."