तुम्ही विचारलंत म्हणून: पोविसच का?

यूकेला फिरायला येणारं जवळपास प्रत्येक जण मला विचारतं, "एकच कॅसल बघायचा असेल तर कुठला?" आणि मी वेल्समधला पोविस सांगितला की लगेच, "विंडसर सोडून हे काय मध्येच?" तर घ्या, एकदाच लिहून टाकते.

वेल्शपूल गावाला लागून एका कड्यावर हा लाल दगडाचा कॅसल आहे, १३व्या शतकात वेल्श राजघराण्यानं बांधलेला, १५८७ साली हर्बर्ट लोकांनी विकत घेतला. खाली टप्प्याटप्प्यानं उतरणारी बाग आहे, तिचे फोटो गूगलवर बघालच.

खरी मजा पैशात आहे. १८व्या शतकाच्या शेवटी हर्बर्टांकडे नाव होतं, जमीन होती आणि डोक्यावर कर्ज होतं. रॉबर्ट क्लाइव्हच्या पोराकडे, एडवर्डकडे, बापानं बंगालमधून आणलेला पैसा बक्कळ पण घराणं म्हणाल तर नवश्रीमंत, त्यामुळे १७८४ मध्ये हेन्रिएटा हर्बर्टशी त्याचं लग्न झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही मध्यस्थानं जुळवलं असतं असंच. तिचा भाऊ १८०१ मध्ये बिनलग्नाचा गेला, आणि मामाच्या इस्टेटीसाठी भाच्यानं १८०७ मध्ये क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट लावलं. आपल्याकडे दत्तक जातात तसंच की! म्हणून आज आत पाट्यांवर सगळीकडे हर्बर्ट दिसतात आणि छप्पर शाकारलं ते क्लाइव्हच्या पैशानं.

हा एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता, मधेच १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, त्याचं सिंहासन तोडून वाटलं गेलं. त्यावरचं रत्नं जडवलेलं सोन्याचं एक वाघाचं मुंडकं इथे आहे, मुठीत मावेल एवढंसं. आणि टिपूचा तंबू! पांढऱ्या सुती छिटावर फुलदाण्या नि फुलं, एका शेजारी एक पट्ट्या. नंतर हर्बर्ट मंडळी तो बागेतल्या पार्ट्यांना मांडव म्हणून ठोकायची.

१९५२ पासून कॅसल नि बाग नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेकडे आहे. कापडाचा रंग उडू नये म्हणून उजेड अगदी मंद ठेवलाय. मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ ते छीट बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "अगं, पार्टीत कुणी सांडलं असेल तर यांनी हे धुतलं कसं असेल?"