स्पीकरचा आलेख आणि कानाचा कौल

कोथरूडच्या आमच्या घरी प्रामुख्याने ख्यालगायन ऐकले जाते. जुने स्पीकर बदलायचे ठरले तेव्हा वडिलांनी घातलेली अट एकच होती, ती म्हणजे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणकार, स्पष्ट ऐकू आली पाहिजे. ही अट कोणता स्पीकर पूर्ण करील हे मोजमापांवरून आधी सांगता येते का, याची मला खात्री करून घ्यायची होती.

माहितीपत्रकांचा काहीच उपयोग झाला नाही. पसंत केलेल्या दोन्ही जोड्यांवर ‘५० ते २०,००० हर्ट्झ’ असे छापलेले होते. परंतु त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे दिलेले नसेल, तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. अॅम्प्लिफायरच्या डिस्टॉर्शनचेही, म्हणजे मूळ आवाजात होणाऱ्या बिघाडाचेही, तसेच आहे, ०.०१ आणि ०.००१ टक्क्यांतला फरक कागदावर दसपट दिसतो, पण गाणे ऐकताना तो जाणवत नाही. मोजमापे निरुपयोगी असतात असे म्हणणाऱ्यांनी बहुधा हेच आकडे पाहिलेले असतात.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील फ्लॉइड टूल यांनी १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात स्पीकर केवळ समोरून नव्हे, तर अनेक कोनांतून मोजले होते आणि श्रोत्यांचा कौल स्पीकर दिसू न देता घेतला होता. पुढे ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या अशा मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला, तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष पसंती यांतला सहसंबंध ०.८६ इतका आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). मी हाच मार्ग धरला.

दुकानदाराने दोन्ही जोड्या काही दिवस घरी ठेवू दिल्या. रहदारी ओसरल्यावर गच्चीत उंच स्टुलावर स्पीकर ठेवून मोजणीच्या माइकने आलेख घेतले, म्हणजे कोणत्या हर्ट्झला आवाज किती निघतो ते नोंदवले. समोरून दोन्ही जवळजवळ सारखेच सपाट होते. ४५ अंशांवर मात्र पहिल्या जोडीत २,००० हर्ट्झपाशी खळगा आणि त्यापुढे उंचवटा दिसला. वूफरचा (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या भागाचा) झोत तिथे अरुंद होत जातो आणि ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा भाग) आवाज एकदम रुंद फेकू लागतो, म्हणून असे घडते. दुसऱ्या जोडीत ट्वीटर उथळ खोलगट भागात बसवलेला असल्याने हा सांधा जाणवत नव्हता. कोनातून निघालेला आवाज भिंतींवर आपटून कानापर्यंत पोहोचतोच, त्यामुळे हा फरक मला महत्त्वाचा वाटला.

मग दिवाणखान्यात पातळ कापडाआड दोन्ही जोड्या मांडल्या आणि दोन्हींचा आवाज माइकने मोजून एका पातळीवर आणला, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. आलेख मी कोणालाही दाखवले नव्हते आणि जोड्यांची अदलाबदल बहीण करत होती. वडिलांनी दर वेळी दुसरीच जोडी निवडली. पहिलीत तारसप्तकातला स्वर टोचतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

दुसरी जोडी घेतली, तरी सोफ्यावर बसल्यावर वडील म्हणाले, “खर्ज फार घुमतोय रे.” माइक त्यांच्या डोक्याच्या जागी धरला, तर ६९ हर्ट्झपाशी मोठा उंचवटा आला. आमचा दिवाणखाना ५ मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या लांबीत ३४ आणि त्याच्या दुप्पट म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला स्थिर लहरी तयार होतात, म्हणजे भिंतींमध्ये आपटणारा आवाज ठरावीक जागी साचून वाढतो, आणि काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार नेमकी तिथेच बोलते. भिंतीलगत या लहरींचा दाब सर्वाधिक असतो. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. तो अडीच फूट पुढे घेताच उंचवटा पुष्कळ उतरला आणि वडिलांची तक्रारही थांबली. कोणताही नवा स्पीकर आणून हे साधले नसते. इतक्या खालच्या पट्टीत खोलीचा प्रभाव स्पीकरहून मोठा असतो, म्हणून मोजमाप बसण्याच्या जागेवरूनच घ्यावे लागते.

एक गोष्ट मात्र आलेखात दिसत नाही. वडील रात्री अगदी हळू आवाजात ऐकतात. आवाज कमी केला तरी आलेखाची वळणे तीच राहतात, पण संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे हळू आवाजात कानाला खालचे स्वर अधिकच क्षीण लागतात. त्यासाठी रात्रीपुरती खर्जाची पातळी थोडी वाढवणारी वेगळी सेटिंग करून ठेवली आहे. ती किती वाढवायची, हे वडिलांनी ऐकून ठरवले.