थोरल्यानं सगळं खाल्लं तर

गेल्या रविवारी गावी होतो. शिरोळ तालुक्यात आमचा थोडा ऊस आहे, पूर्वहंगामी लागण, दीड महिना झालाय, आणि आबा सकाळी सातलाच विळा घेऊन सरीत. जेठा मोडायला. ज्यांचा उसाशी संबंध साखरेच्या डब्यापुरताच आहे त्यांच्यासाठी सांगतो, लावलेल्या कांडीच्या पेरावर जो डोळा (म्हणजे कोंबाची कळी) असतो त्यातनं जो पहिला कोंब येतो तो जेठा, म्हणजे थोरला. त्याच्या बुडातनं नंतर येतात ते फुटवे. जेठा जमिनीलगत कापला की फुटवे जोमात आणि एकसारखे येतात, आणि शेवटी वजन फुटव्यांचंच असतं.

लहानपणी मी विचारलं होतं, चांगला वाढलेला कोंब कशाला मोडताय? तर आबा म्हणाले, "आरं थोरल्यानं सगळं खाल्लं तर धाकटी काय खाणार?"

मग मी बीएस्सीला बॉटनी घेतलं आणि ह्या उत्तराला बरीच वर्षं मनातल्या मनात हसलो. कारण पुस्तकात खाण्याबिण्याचा विषयच नव्हता. पुस्तकात होतं ऑक्सिन. शेंड्यात हे संजीवक, म्हणजे झाडाचं हार्मोन, तयार होतं, खोडातनं खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा कापला की ऑक्सिन बंद, डोळे मोकळे. १९३३ साली थिमन आणि स्कूग ह्या दोघांनी कॅलिफोर्नियात घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय झाडाचा शेंडा उडवला, कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे झोपलेलेच राहिले. परीक्षेत पाच मार्कांना हमखास यायचं. शेंड्याची दादागिरी, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

फक्त एक हिशोब लागत नव्हता, आणि तो माझ्या नाही, भल्याभल्यांच्या लक्षात आला होता. ऑक्सिन खोडातनं फार सावकाश चालतं, तासाला साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे शेंडा आत्ता कापला तर २० सेंटिमीटर खालच्या डोळ्याला 'साहेब गेले' ही खबर पोचायला २० तास पाहिजेत. आणि डोळा तर त्याच्या कितीतरी आधी, काही तासांतच हलायला लागतो. खबर पोचली कशी?

२०१४ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या टीमनं वाटाण्यावर हेच धरून काम केलं. त्यांना दिसलं की डोळा फुगायला लागतो तेव्हा तिथलं ऑक्सिन अजून कमी झालेलंच नसतं, पण साखर मात्र येऊन पोचलेली असते. साखर तासाला मीटरच्या वर पळते, त्यामुळे शेंडा गेला की त्याच्या तोंडची साखर लगेच खाली वळते. पानं काढून टाकली तर शेंडा कापूनही डोळे नीट हलेनात, साखर बनवणारंच कोणी नाही ना. आणि सगळ्यात भारी म्हणजे शेंडा जागेवर ठेवून नुसती वरनं साखर पुरवली तरी डोळे जागे झाले! बीआरसी१ नावाचं एक जनुक डोळ्याला झोपवून ठेवतं, साखर मिळाल्यावर ते थंड पडलं. (मक्यात ह्याचाच भाऊ टीबी१, त्यानंच रानटी झुडपाचा एकखोडी मका झाला.)

म्हणजे शेंडा हुकूम सोडत नव्हता, तो खात होता. आबा जिंकले.

आता ऑक्सिन खोटं का? तसं नाही, फेसबुकवर असं काही लिहिलं की लोक लगेच 'सायन्स चुकलं' म्हणून नाचतात म्हणून सांगतोय. साखरेनं डोळा जागा होतो, पण जागा झालेला डोळा पुढे फांदी होणार की परत आडवा पडणार हे संजीवकं ठरवतात. ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही, बाहेरनं कारभार करतं, फुटीला जोर देणारं सायटोकायनिन कमी करवतं आणि फूट अडवणारं स्ट्रायगोलॅक्टोन वाढवतं. आणि डोळ्याला साखर भरपूर मिळत असेल तर ह्या स्ट्रायगोलॅक्टोनचंही फारसं चालत नाही, हे पुढे गुलाबावर आणि वाटाण्यावर दिसलं.

ह्या स्ट्रायगोलॅक्टोनची गंमत वेगळीच. ज्वारीत आणि आमच्याकडं उसातही टारफुला येतो, मुळाला चिकटून रस पिणारं तण. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं आणि पिकाच्या मुळातनं हे रसायन पाझरलं की उगवतं. कुळातलं पहिलं रसायन १९६६ साली कापसाच्या मुळांतनं सापडलं, पण फुटवे अडवणारं संजीवक तेच आहे हे कळायला २००८ उजाडलं. आणि जमिनीत स्फुरद कमी पडलं की झाड हे जास्त बनवतं, म्हणजे खायला कमी तर पोरं कमी. लागणीला सुपर फॉस्फेट टाका म्हणजे फुटवा चांगला, ह्याच्या मागं हेही एक कारण असणार.

हे सगळं मी आबांना सरीतच सांगितलं. ते विळा न थांबवता म्हणाले, "मग उसात एवढी साखर भरलीय, त्याचं डोळं का झोपल्यात?"

झाली ना पंचाईत. घरी येऊन विचार केला, माझी समजूत अशी की कांडीतली साखर पेशींच्या आत कोठारात ठेवलेली असते, ती डोळ्याच्या ताटात नसते, आणि वर शेंडा आणि ऑक्सिन आहेच. पण तुरा आला की शेंड्याची वाढ संपली, आणि मग उभ्या उसाला कडेनं पांगशा फुटतात, कोठार उघडतं, साखरेचा उतारा घसरतो. मागच्या साली तोड लांबली आणि आमच्या फडात नुसत्या पांगशा झाल्या होत्या, ते आठवून आबा अजून शिव्या देतात.

आणि दुसरं, आबा सरसकट मोडत नाहीत. ज्या बेटाला दोन फुटवे हिरवे दिसतात तिथलाच जेठा जातो, नाहीतर पुढं सरकतात. पानं काढलेला वाटाणा मला तिथं आठवला, फुटव्याला स्वतःची हिरवी पानं नसतील तर जेठा गेल्यावर साखर बनवणार कोण?

तर आता ठरलंय, दोन सऱ्या जेठा न मोडता ठेवायच्या आणि मे महिन्यात फुटवे मोजायचे. आबा तयार झालेत, पण सऱ्या ओढ्याकडच्या घ्यायच्या, रस्त्यावरनं दिसायला नकोत म्हणाले.