गाताना बेळगावचा हेल कुठे जातो? नोंदी पुढे चालू

मंडळातल्यांचं बोलणं-गाणं रेकॉर्ड करण्याची घडी आता बसली आहे, म्हणून बोलण्यातला हेल गाताना कुठे जातो, या मूळ प्रश्नाला हात घातला. बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या भजनी मंडळात खानापूरकडची माणसं आहेत, चंदगडची आहेत, घरी कन्नड बोलणारीही आहेत. चहा पिताना दोन वाक्यांत प्रत्येकाचं गाव कळतं. अभंग सुरू झाला की कुणाचंच कळत नाही.

हेल म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी: वाक्यात आवाज कुठे चढतो-उतरतो आणि कुठलं अक्षर किती लांबतं. आमच्याकडे 'जेवलास की?' म्हणताना शेवटचा 'की' जसा उचलून ओढतात, तसा पुण्यात कुणी ओढत नाही. गाण्यात मात्र चढउतार चालीच्या हाती आणि लांबी तालाच्या. हेलाला जागाच उरत नाही.

हे तपासायला 'प्रात' हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्यात शब्द काढून आवाजाचा नुसता हुंकार ठेवता येतो. तुकोबांची 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' ही ओळ मी आधी बोलून आणि मग गाऊन रेकॉर्ड केली, दोन्हींचे हुंकार काढले आणि पुण्याच्या मावसबहिणीला पाठवले. बोललेल्या हुंकारावर ती लगेच म्हणाली, "हे तर बेळगाव!" गायलेल्या हुंकारात तिला फक्त चाल ऐकू आली.

यापुढचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बोलताना आपण 'सुन्दर्' आणि 'ध्यान्' म्हणतो, शेवटचा 'अ' गिळतो. पण अभंग अक्षरं मोजून बांधलेला असतो. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा, चार. सुं-द-र-ते-ध्या-न ही सहा अक्षरं भरायची तर 'र' आणि 'न' यांना पूर्ण स्वर द्यावाच लागतो. म्हणजे गाताना आपण सगळेच रोजच्या बोलीपेक्षा वेगळी मराठी उच्चारतो, मग माणूस पुण्याचा असो की खानापूरचा. आणि कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरानेच संपतात. मराठी बोलताना कन्नड घरातल्या माणसाच्या तोंडी शब्दाच्या शेवटी जो जादा स्वर येतो, तोच अभंगात हवा असतो! पंडित भीमसेन जोशी गदगचे, कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, दोघांच्याही घरची भाषा कन्नड. त्यांच्या मराठी गाण्यातली अक्षरं इतकी भरीव का वाटतात, याचं एक कारण मला इथे दिसतं. गळा आणि तालीम तर आहेच.

वरच्या सुरांत आणखी एक गोष्ट घडते. माझी पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी माझा 'सा'), म्हणजे तार षड्ज, वरचा 'सा', सुमारे ४१५ हर्ट्झ. 'इ' ओळखू येतो तो तोंडाच्या पोकळीतल्या पहिल्या अनुनादामुळे (पोकळीत आवाज जिथे जास्त घुमतो ती जागा), आणि तो साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. सूर त्याच्या वर गेला की आवाज मोकळा राहावा म्हणून जबडा आपोआप उघडतो आणि 'विटेवरी'तली 'री' 'रे'कडे झुकते. आमच्या चालीत ती तार षड्जावरच आहे. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्याच बायकांची 'री' तशी झुकलेली निघाली.

मग उरतं काय? व्यंजनं. 'च'सारख्या व्यंजनांना सूर लांबवू शकत नाही, त्यामुळे ती जवळजवळ जशीच्या तशी राहतात. नामदेवांच्या 'नाचू कीर्तनाचे रंगी' या ओळीत दोन वेगळे 'च' आहेत. 'नाचू'मधला दातांजवळचा, 'कीर्तनाचे'मधला टाळूचा. कन्नडमध्ये टाळूचा एकच. आमचे कन्नड घरातले पखवाजवाले काका उत्तम गातात, पण त्यांचे दोन्ही 'च' सारखेच येतात, आणि कान लावला तर तेवढ्यावरून घर ओळखता येतं. 'ळ'ला मात्र त्यांना काहीच त्रास नाही, तो कन्नडमध्ये आहेच.

अनुकरणाचाही वाटा मोठा आहे. आपण अभंग कॅसेटवरून शिकलो, तेव्हा सुरांबरोबर त्या गायकाचे स्वरही उचलले. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश पॉप गायकांबद्दल असंच मांडलं: ज्या अमेरिकनांचं संगीत त्यांनी घेतलं, त्यांचे उच्चारही गाताना तोंडी आले. बीटल्सच्या गाण्यांतला अमेरिकन 'र' १९६० च्या दशकात पुढेपुढे कमी होत गेला, हेही त्यांनी दाखवलं.

आता उलट्या बाजूने करून बघते आहे. काकांकडून कन्नड संतकवी पुरंदरदासांचं एक पद शिकायला घेतलंय. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, मराठीत तसे नाहीत. कन्नड बोलताना माझी मराठी तिथेच पकडली जाते. गाताना लांबी ताल ठरवणार, म्हणजे तिथे मी सुटायला हवी. काकूंना आणि त्यांच्या सुनेला नाव न सांगता रेकॉर्डिंग ऐकवणार आहे. सीमेवरच्या आणखी कुणाच्या मंडळात दोन्ही भाषांचे गाणारे असतील तर 'नाचू कीर्तनाचे' एकदा बोलून, एकदा गाऊन रेकॉर्ड करून ठेवा. फोन तोंडाजवळ धरू नका, हातभर लांब ठेवा, नाहीतर 'च'चा फुसकारा सगळं झाकून टाकतो.