सोलांगची नोंद: डाव्या टोकातला बर्फ

गुढीपाडवा होऊन दहा दिवस लोटले, पुण्याच्या घरी पंखे फिरू लागले, तरी मनालीजवळच्या सोलांगच्या उतारावरचा बर्फ हटायचे नाव घेत नाही. एकामागून एक आलेल्या पश्चिमी प्रक्षोभांनी हंगाम लांबवला आणि स्कीवरून पॅराग्लायडिंगचा टेकऑफ साधण्यासाठी मला आणखी एक आठवडा मिळाला. त्यातले पहिले चार दिवस मी अक्षरशः पाण्यात, म्हणजे बर्फात, घातले. पाचव्या दिवशी जमले, म्हणून ही नोंद.

विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, डावीकडे ओढते, ही तक्रार मागच्या नोंदीत मी केलीच होती आणि लाइनची, म्हणजे विंगच्या दोऱ्यांची, लांबी मोजण्याचा सल्लाही तुम्ही दिला होता. लाइन मोजल्या, दोन्ही बाजू जुळल्या. स्की पायात असताना मागे वळून उभे राहणे जमत नाही, त्यामुळे पुण्याजवळच्या कामशेतला अंगवळणी पडलेला रिव्हर्स लाँच, म्हणजे विंगकडे तोंड करून ती वर घेणे, इथे बाद ठरतो आणि फॉरवर्ड लाँचवरच, म्हणजे विंग पाठीशी ठेवून सरळ पुढे सुटण्यावरच, भिस्त ठेवावी लागते. शिवाय 2,500 मीटरच्या आसपास हवा इतकी विरळ असते, की उड्डाणासाठी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 13 टक्के अधिक वेग लागतो. बुटांनी भुसभुशीत बर्फात धावून तो मिळत नाही, स्कीवर उतार तो फुकट देतो. मात्र चौथ्या दिवशी तिन्ही प्रयत्नांत विंग डोक्यावर येता येता तिचे डावे टोक मागे रेंगाळले आणि मला ब्रेक ओढून थांबावे लागले.

संध्याकाळी खोलीतल्या तंदूरजवळ, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ, विंग पसरली आणि कचरा काढण्यासाठी टोकाशी असलेले वेल्क्रो उघडले, तेव्हा डाव्या टोकातून ओंजळभर ओला, साखरेसारखा रवाळ बर्फ चटईवर सांडला; उजव्या टोकातून मात्र चार थेंबच ओघळले. साताऱ्याचा मित्र चहा ओतता ओतता सहज म्हणाला, “अरे, तू थांबताना दरवेळी डावीकडेच का वळतोस?” कारण सोपे होते: उजवीकडे वळून थांबणे मला अजून नीट येत नाही. मी डावीकडे वळलो, की विंग त्याच अंगावर कलंडते, डाव्या टोकाच्या सेलची, म्हणजे हवा भरणाऱ्या कप्प्यांची, तोंडे बर्फ उपसून घेतात आणि पुढच्या प्रयत्नाला ते टोक आधीच जड झालेले असते. पहिला प्रयत्न कदाचित माझ्या कच्च्या पवित्र्यामुळे फसला असेल, पुढचे दोन मात्र या बर्फाने फसवले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेली निळी ताडपत्री अंथरून तीवर विंग मांडली, उभे राहण्यापुरती सपाट जागा स्कीने तुडवून घेतली आणि थांबावे लागलेच, तर मागचे रायझर, म्हणजे लाइन जोडलेले खांद्याजवळचे पट्टे, ओढून विंग ट्रेलिंग एजवर, म्हणजे मागच्या कडेवर, पाडायची, असे मनाशी पक्के केले. तशी वेळ आलीच नाही. स्की सुटल्या, दोन्ही टोके एकदम वर आली आणि पायाखालचा खरखराट अचानक थांबला. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, शोधण्याचा प्रश्नच नव्हता, पांढरा उतार तापतो कुठे. जेमतेम तीन मिनिटांत मी खाली होतो, पण स्कीवर घसरत झालेले ते लँडिंग माझ्या आजवरच्या लँडिंगमध्ये सर्वांत मऊ होते.

ताडपत्रीचे जितके कौतुक करावे, तितकाच भाड्याच्या स्कींचा राग येतो. त्यांच्या कडा इतक्या बोथट आहेत, की सकाळच्या टणक बर्फावर त्या पकडच घेत नाहीत. दुकानदार मात्र दोष माझ्या गुडघ्यांना देतो. पुढच्या हिवाळ्यात स्वतःच्या स्की घ्यायच्या, निदान कडांना धार लावायची कानस तरी जवळ बाळगायची.

शुक्रवारी हिमाचलमधल्याच बीरला निघून तिथल्या बिलिंग या टेकऑफवरून थर्मलमध्ये रमायचे, असा बेत होता. हे लिहिता लिहिताच तो बदलतो आहे, कारण उजवीकडे थांबता येत नाही तोवर मूळ दोष माझ्यातच आहे. उद्या विंग खोलीतच राहील. सकाळभर नुसत्या स्कीवर उजवीकडची वळणे घासायची आणि बर्फ टिकलाच, तर परवा पुन्हा ताडपत्री अंथरायची.